मधल्या रांगेचे बटाटे

खुरपीबाईंना कुणी आपलं शेत दाखवायला नेलं, की मालक हमखास बांधावर उभा राहून हात फिरवतो. "बघा बाई, कसं तरारलंय!" बाई बघतच नाहीत. चपला काढून बांधावर ठेवतात आणि पिकात शिरतात, त्या थेट मध्यापर्यंत. मग तिथून आवाज येतो. खुरपीबाईंचा आवाज कुठूनही येतो. "अहो, इकडे या! काठावरचं काय दाखवता मला? काठावर तुमची शेळीसुद्धा खत घालून जाते. मधे या, मधे!"

मालक ओशाळत आत जातो. मधे गेल्यावर बाई खाली बसतात, पिशवीतून खुरपी काढतात आणि खरं बोलणं सुरू होतं. खुरपी त्यांच्या पिशवीत कायम असते, लग्नाला गेल्या तरी. नाव पडलं ते मात्र त्या लोखंडी खुरपीवरून नाही, तोंडातल्या खुरपीवरून. शिकत असतानाच पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

मधे जाऊन बघायचं, ही शिकवण कुठल्या पुस्तकातली नाही. ती मिळाली तेव्हा विद्यापीठाची शेतकी शाखा जवळजवळ बुडाली होती आणि तिच्यासोबत बाईही बुडायच्या बेतात होत्या.

तेव्हा त्या बाई नव्हत्या. कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्याची थोरली पोर, एवढीच ओळख. दुकान म्हणजे एक खोली. दोन मशिनी, एक लांब फळी, दारापाशी पत्र्यावर ठेवलेली कोळशाची इस्त्री आणि फळीखाली चिंध्यांचा ढीग. आई दाराशी बसून काजं-बटणं करायची. बाबा उभ्या-उभ्या कापायचे, कानामागे खडू आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनच ते सगळं बोलायचे, शिव्यासुद्धा. टाचण्या बाहेर काढल्या म्हणजे गोष्ट गंभीर आहे असं घरात सगळ्यांना कळायचं.

पोर शेतकीकडे वळली ती निव्वळ रागापोटी. भाजीवालीशी तिचं भांडण झालं. शेंगा पोचट का, दाणा भरला का नाही, असं ती खोदून-खोदून विचारत बसली. गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी भाजीवाली वैतागून म्हणाली, "एवढं कळायला हवंय तर जा, शिकून ये! इथे काय माझं डोकं खातेस?" दुसरी कुणी असती तर तणतणत घरी गेली असती. ही विद्यापीठात गेली आणि नाव घालून आली.

बाबांनी टाचण्या काढल्या. "शेतकी? आपल्याकडे जमीन किती आहे, माहितीये का?"

"खिडकीत एक कुंडी आहे."

"त्यात काय लावलंय?"

"काही नाही. तुम्ही त्यात कात्र्या ठेवता."

"मग!"

"मग काय? कात्र्या उगवल्या नाहीत, हा माझा दोष आहे का?"

आईने मान खाली घालून हसू गिळलं. बाबांना हसू आलं नाही. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग बघत आलो मी. आता घरची पोर चार वर्षं चिखल घेऊन घरात येणार." थोडा वेळ त्यांनी कापडावर खडूने उगाच रेघा ओढल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. पदवी आण. पदवीचा झगा मी शिवतो. मिळाली तर." आणि टाचण्या परत तोंडात गेल्या.

शाखेचा जन्मही असाच झाला होता, बोलण्याच्या भरात. कुलगुरू कुठल्याशा सभेत बोलता-बोलता वाहवले आणि 'आमचं विद्यापीठ यंदापासून शेतकी शिकवणार' असं जाहीर करून बसले. ते परत येईपर्यंत बातमी छापून आली होती. आता मागे कसं फिरायचं? जागा शोधायचं काम कुलसचिवांच्या गळ्यात पडलं. कुलसचिव म्हणजे इस्त्रीचा कोट घातलेली नकारघंटा. त्यांना विद्यापीठात कायदा चाले, साहित्य चाले, गणित चाले. चिखल चालत नसे. त्यांनी शोधून-शोधून जुना तबेला दिला. घोडे कधीच गेले होते, वास राहिला होता.

तर पहिल्या तुकडीचा वर्ग भरायचा तबेल्यात. बाकं नव्हती. भिंतीलगतच्या दगडी गव्हाणी होत्या, त्यातच वह्या ठेवून उभ्याने लिहायचं. दप्तरं अडकवायला भिंतीत घोडे बांधायच्या कड्या होत्या. फरशीला घोड्यांच्या सोयीने उतार दिलेला, त्यामुळे कुणाचीही पेन्सिल पडली तरी घरंगळत एकाच कोपऱ्यात जायची आणि तास संपल्यावर आपापली पेन्सिल ओळखण्यावरून भांडणं व्हायची. समोर कायद्याचा वर्ग. शेतकीवाले जायला लागले की तिथली पोरं खिडकीतून खिंकाळायची. पहिले दोन दिवस सगळ्यांनी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी ही पोर कवळाभर हिरवं गवत उपटून घेऊन कायद्याच्या वर्गात शिरली आणि पहिल्या बाकावर टाकून म्हणाली, "आवाज आला तुमचा. म्हटलं, भूक लागली असेल." खिंकाळणं बंद झालं. खुरपी हे नाव त्या दिवशी पडलं.

शिकवायला एकच गुरुजी. त्यांना सगळे मातीसर म्हणत, कारण कुठलीही नवी माती दिसली की ते चिमूटभर जिभेवर ठेवत, डोळे मिटत, थुंकत आणि मग तिच्याबद्दल सांगू लागत. दिसायला काडी. पण वर्गात पोरं डुलक्या घेतायत म्हणून कधी ओरडले नाहीत, "घोडेसुद्धा इथे उभ्यानेच झोपायचे," म्हणत आणि पुढे शिकवत.

अशी तीन वर्षं आनंदात गेली. चौथ्या वर्षी कुलसचिवांना तबेला हवासा वाटला. विद्यापीठात मोटारी वाढल्या होत्या, त्या उन्हात तापत होत्या. त्यांनी नियामक मंडळापुढे ठेवलं, की शेतकी ही काही विद्या नव्हे, या शाखेला पदवीची मान्यता देऊ नये. पोरांना हिशेबाच्या शाखेत घालावं, पहिल्या वर्षाला. बाबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे चार वर्षं घोड्यांच्या जागेत उभी राहिलीस, ती उभीच?"

मातीसरांनी मंडळाला एकच विनंती केली. "निर्णय कागदावर नको. बटाटे काढायच्या दिवशी या. जमिनीतून काय निघतं ते बघा आणि मग ठरवा." मंडळाने मान्य केलं. आता सगळं बटाट्यांवर आलं. पदवी, तबेला आणि शिलाईवाल्याचा झगा, तिन्ही मातीखाली.

तबेल्यासमोर प्रत्येकाला एक-एक चौकोनी वाफा मिळाला, लहान खोलीएवढा. बी एकच, माती एकच, पाणी सारखं. खत मात्र वेगवेगळं: एकाला शेणखत, एकाला पाल्याचं खत, एकाला पेंड, एकाला पोत्यातलं विकतचं खत, असं. कुठल्या खताने किती फरक पडतो ते दिसायला हवं. आणि ते दिसायचं तर एक वाफा असा हवा की ज्याला काहीच घातलेलं नाही. मातीसर त्याला म्हणत उपाशी वाफा. "हा वाफा खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "बाकीच्यांचं खरं-खोटं याच्यावरून कळतं."

सरांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. खुरपीच्या चिठ्ठीत निघाला उपाशी वाफा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, मलाच का शिक्षा?"

"शिक्षा नव्हे, पहारा. पाणी घालायचं, तण काढायचं. बाकी काही करायचं नाही. जमेल?"

"काही न करणं कुणाला जमत नाही?"

"तुला," सर म्हणाले.

पोरं हसली, पण सर गंमत करत नव्हते. एक नियम त्यांनी ठणकावून सांगितला: ज्याचा वाफा, फक्त त्याचाच पाय आत. माती दबली की सगळं बिघडतं. बाकीच्यांनी बघायचं ते काठावरून.

उपाशी वाफ्याला जागाही शेवटची मिळाली होती. एका बाजूला रस्त्याचं लोखंडी कुंपण, एका बाजूला कँटीनचं मागचं दार, तिसरीकडे फाटकावरच्या दरवानकाकांची खोली आणि चौथ्या बाजूला लांबूचा वाफा. लांबू हा तुकडीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी बोलणारा पोरगा. त्याच्याकडे पोत्यातल्या खताचा वाफा होता. खुरपीशी बोलताना तो नेहमी तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघायचा.

खुरपीने डोळ्यांत तेल घालून वाफा सांभाळला. बाबांच्या दुकानातून उरलेले दोरे आणून झाडांना बांधले. खुरटलेल्याला पांढरा, पान पिवळं पडलं की लाल, जोमात असेल त्याला हिरवा. "वाफ्याला झबलं शिवतेस का?" पोरं चिडवायची. "तुझ्या तोंडालाच टाका घालते, थांब," ती म्हणायची आणि गाठी मारत राहायची.

बाकीचे वाफे दिवसेंदिवस फुलत गेले. पोरं आपापल्या वाफ्याला लेकरासारखी भरवत होती, कौतुक करत होती. हिच्या वाटेला नुसती पाण्याची झारी. घरी जेवताना ती चिडचिड करायची. "सगळ्यांची झाडं अशी फुगलीयेत आणि माझी दात काढून बघतायत माझ्याकडे. मंडळ आलं की सगळ्यांसमोर माझाच वाफा भिकारडा दिसणार." बाबा घास चावत ऐकायचे.

मग विचित्रच काहीतरी व्हायला लागलं. लाल दोऱ्याची वेळ आली तरी काठावरची पानं पिवळी पडेनात. उलट हिरवे दोरे कमी पडायला लागले. तिने आधी लांबूला धरलं. "तुझ्या वाफ्यातलं खत माझ्याकडे झिरपतंय!"

लांबू कानापर्यंत लाल झाला. "झिरपत असेल... जमिनीला उतार आहे."

"उतार माझ्याकडून तुझ्याकडे आहे, बावळटा."

"मग नसेल झिरपत," लांबू म्हणाला आणि आपल्या झाडांत तोंड लपवलं.

एकदा तण काढताना तिला रस्त्याच्या बाजूला मातीत कोळशाचा तुकडा सापडला. पूर्वी इथे घोड्यांना नाल ठोकायची भट्टी असणार, असं म्हणून तिने तो फेकून दिला. शेवटी ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "काठावरच्या झाडांना ऊन जास्त, वारा जास्त. काठ नेहमीच बरा दिसतो. पानांवर जाऊ नकोस. काढणी होऊ दे."

काढणीच्या आदल्या दिवशी ती घरी आली तर बाबा फळीवर तपकिरी कापड पसरून उभे. लांबच्या लांब तुकडे कापलेले. तिने ओळखलं, हा झगाच. "बाबा, अजून काही ठरलं नाही! आधी कशाला कापलंत?"

बाबा टाचण्यांमधून म्हणाले, "ठरव मग. कापड आता कापलंय मी. पदवी नाही मिळाली तर याचे काय पडदे करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ आलं. चकचकीत बूट, ओळीने. कुलसचिव पुढे, मागे दोन-तीन पोक्त सभासद आणि भूमिती शिकवणाऱ्या एक गोऱ्यापान म्हाताऱ्या बाई, हातात छत्री. कँटीनमधल्या मावशी हात पुसत दारात आल्या. दरवानकाका फाटक सोडून येऊन उभे राहिले. कायद्याची पोरं खिडकीत लोंबकळली.

एकेक वाफा काढला. शेणखताचे बटाटे छान निघाले. पेंडीचेही चांगले. पाल्याचे बरे. लांबूच्या विकतच्या खताने मात्र दगा दिला, जेमतेम निघाले. सरांच्या कपाळाला आठी पडली.

शेवटी उपाशी वाफा. "आता बघा," सर म्हणाले, "काही न घालता काय होतं ते."

"इथलंच काढा," कुलसचिवांनी छडीसारखं बोट करून पायाजवळची झाडं दाखवली. बूट मळू नयेत म्हणून ते वाटेवरच उभे होते. खुरपीने फावडं रोवलं, दाबलं, उचललं.

मुठीएवढे बटाटे बाहेर आले. तिने दुसरं झाड काढलं. त्याहून मोठे. तिसऱ्याला तर असे गुबगुबीत बटाटे लगडले होते की मागून कँटीनच्या मावशींच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. टोपली भरली. शेणखतवाल्याच्या टोपलीकडे कुणी बघेना.

कुलसचिवांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा आनंद दिसला. "म्हणजे काहीही न घालता सगळ्यात जास्त! मातीसर, मग तुमची शाखा चार वर्षं शिकवते काय? काही न करायला?" सभासद हसले. "नाहीतर," कुलसचिव खुरपीकडे वळले, "या मुलीने चोरून खत घातलं. दोन्हीपैकी एक खरं. शाखा निरुपयोगी आहे, किंवा ही खोटारडी आहे. बोल गं, कुठलं?"

खुरपीच्या जिभेवर शिवी आली होती, ती तिथेच थिजली. कारण तिला दिसलं की 'मी घातलं' एवढं म्हटलं की झालं. शाखा वाचते. सर वाचतात, बाकी सगळ्यांना पदवी मिळते. एकटी ती जाते. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली, नाही म्हणून. लांबू पुढे यायला निघाला आणि पाय अडकून शेणखताच्या टोपलीवर धडपडला.

तिने खाली पाहिलं. पायाशी हिरवे दोरे. आणि आत, वाफ्याच्या पोटात, पांढरे आणि लाल दोरे. सगळे मधे. एवढे दिवस तिनेच बांधलेले, आणि एवढ्या दिवसांत तिला ते असे एकदम दिसले नव्हते.

"साहेब, तुम्ही काठावरून निकाल देताय," ती म्हणाली आणि वाफ्यात शिरली. मध्यावरचं लाल दोऱ्याचं झाड उपटलं. खाली आले गोट्यांएवढे बटाटे, चार-दोन. दुसरं उपटलं, तसंच. तिसरं, तसंच. तिने ते ओंजळीत घेतले आणि कुलसचिवांच्या नाकासमोर धरले. "हा उपाशी वाफा. हा मधला. बी तेच, माती तीच, पाणी मी माझ्या हाताने सारखं घातलेलं. जिथवर बाहेरून हात पोचतो तिथवर बटाटे मोठे. जिथे हात पोचत नाही तिथे गोट्या. या वाफ्यात पाय फक्त माझा. मी चोरून खत घातलं असतं तर मधे घातलं असतं, कुणाला दिसणार नाही असं. काठावर कशाला घालू? मला काय वेड लागलंय? हे बाहेरच्यांचं काम आहे! आणि ते कोण, ते मी आता काढतेच!"

भूमितीच्या बाईंनी छत्री टेकली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चारी बाजू."

खुरपी पहिली कँटीनच्या बाजूला गेली. मातीचं ढेकूळ उचललं, फोडलं. आत अंड्याच्या कवचाचा चुरा चमकत होता. "मावशी?"

मावशींनी तोंडाला हात लावला. "मी खत नाही गं घातलं! भांडी विसळलेलं पाणी तेवढं टाकायची. त्यात उरलेला चहा असेल थोडा... दुधाचं विसळण... कधी टरफलं कुटून."

"मावशी!"

"मग काय करू? सगळ्या वाफ्यांना पोरं भरवत होती आणि हा बिचारा तोंड वासून बघायचा. माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. मला नाही बघवलं!"

फाटकाच्या बाजूला तिला काही शोधावं लागलं नाही. दरवानकाकांनी आपणहून टोपी काढली. "साहेब, तबेल्याच्या माळ्यावर कबुतरं आहेत. म्हणजे छप्पर विद्यापीठाचं, पण दाणा माझा. त्यांची घाण कुठे टाकायची? पाण्यात कालवून इथे ओतायचो. म्हटलं, पोरीचं नाक कापलं जाऊ नये चारचौघांत."

तिसरी बाजू लांबूची. त्याने वर्गात करतात तसा हात वर केला.

"खताचं माप मी स्वतः मोजून दिलं होतं तुला," सर म्हणाले. "उरलं कसं?"

"माझ्या वाफ्याला कमी घालायचो, सर."

खुरपी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "गाढवा! म्हणून तुझे बटाटे जेमतेम! एकाच्या जागी दोन वाफे बुडवलेस!" तिचा आवाज चढला, पण शेवटी का कोण जाणे थोडा हलला. लांबू पहिल्यांदाच तिच्या डोक्यावरून पलीकडे न बघता थेट तिच्याकडे बघत होता. पुढे त्यांचं लग्न झालं. घरात भाजीत मीठ कमी पडलं की अजूनही ती विचारते, "कुणाच्या वाफ्यात घातलंस?"

राहिली चौथी बाजू, रस्त्याची. खुरपी कुंपणापाशी गेली, हातातल्या लोखंडी खुरपीने माती बाजूला केली. खाली करडा थर. राख. आणि कोळशाचा तुकडा.

तिने मान वर केली. कुंपणापलीकडे, हातात जेवणाचा डबा घेऊन, बाबा उभे होते. तोंडात टाचण्या.

"बाबा?"

बाबांनी टाचण्या काढल्या. एकेक काढून कॉलरला लावल्या, वेळ लावून. "इस्त्रीची राख," ते म्हणाले. "कुठेतरी टाकायचीच असते."

"आणि माती उकरून, आत कोंबून, वर सारवून टाकायची असते?"

"सफाईची सवय आहे मला."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, चिखल, डाग..."

"तू घरी येऊन रडगाणं गायचीस रोज," बाबा ओरडले. "डोकं उठवलं होतंस! झाडं दात काढतात, झाडं दात काढतात! गप्प बसवायला घातली थोडी. एवढंच."

भूमितीच्या बाई आता वाकल्या होत्या. आधी वाटलं त्यांना चक्कर येतेय. मग कळलं, हसतायत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत. मग कायद्याची पोरं हसली, मग सभासद, मग मावशी आणि शेवटी मातीसर, असे की काडी मोडून पडते की काय.

"हे गृहस्थ कोण?" कुलसचिवांनी आवाज चढवला.

"मी शिलाईवाला. ही माझी थोरली." बाबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "आणि साहेब, तुमच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे. शिवताना झालंय ते, तुमचा दोष नाही."

कुलसचिवांनी नकळत बाही वर ओढली. मग सरांकडे वळले. "म्हणजे तुमचा प्रयोग फसला."

"फसलाच," सर म्हणाले. "साफ फसला. पण का फसला, कुणामुळे, किती हातापर्यंत, हे या मुलीने उभ्या-उभ्या तुम्हाला दाखवलं. फसलेलं कळायला शिकलेला माणूस लागतो, साहेब. शाखा त्याचसाठी असते."

मंडळ कँटीनमध्ये जाऊन बसलं. मावशींनी चहा दिला आणि आत काय बोलणं चाललंय ते ऐकायला किटली घेऊन दहा वेळा गेल्या. बाहेर सगळी तुकडी वाफ्यांच्या कडेला बसली होती. बाबाही कुंपणाला धरून उभे होते, डबा निवत होता. शेवटी मावशीच दारात आल्या, आणि त्यांच्या हातातली किटली ज्या तऱ्हेने हवेत गेली त्यावरून सगळ्यांना कळलं. मान्यता मिळाली. अट एकच, उपाशी वाफ्याभोवती माणसाच्या उंचीची जाळी हवी. मोटारींना उन्हात राहावं लागलं. भूमितीच्या बाई बाहेर येताना म्हणाल्या, "मी इतकी वर्षं चौकोन शिकवते. चारी बाजूंनी माणसं असलेला पहिल्यांदा पाहिला." आणि कुलसचिव? जाताना त्यांनी इकडेतिकडे बघून टोपलीतले मोठे बटाटे रुमालात बांधले. काठावरचेच.

पदवीदानाच्या दिवशी नवाच घोळ. प्रत्येक शाखेच्या झग्याला आपला रंग असतो. शेतकीला रंगच नेमलेला नव्हता. कुलसचिव म्हणाले, कायद्याचे काळे घाला. तोवर शिलाईवाला गाठोडं घेऊन दारात हजर. एकट्या पोरीचा नव्हे, साऱ्या तुकडीचे झगे शिवून आणले होते. मातीच्या रंगाचे, तपकिरी, आणि उजव्या बाजूला आतून मोठा खिसा.

"अहो, झग्याला खिसा नसतो!" कुलसचिव म्हणाले.

"वकिलाच्या नसेल," बाबा म्हणाले. "त्याला दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा असतो. शेतकीवाल्याला स्वतःचं काहीतरी ठेवायला लागतं."

तेव्हापासून त्या विद्यापीठात शेतकीचा झगा तपकिरी असतो आणि त्याला खिसा असतो. त्या खिशात काय ठेवायचं हे ज्याचा तो ठरवतो. पहिल्या तुकडीतल्या एकाने पुढे बियाण्याचं दुकान काढलं, एकजण शेती सोडून गाणारा झाला आणि तरी अजून सगळ्यांना झाडांची नावं विचारून छळतो. लांबू मातीसरांच्या जागी आला आणि घरी जशी मापात हयगय होते तशी वर्गात होऊ देत नाही. उपाशी वाफा अजून दरवर्षी लावतात, जाळीत. शेजारी एक मोकळा वाफाही लावतात. ज्याला जे घालायचं ते घालावं, असा. आजही सगळ्यात मोठे बटाटे त्यातूनच निघतात आणि सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात.

खुरपीने त्या पदवीदानाच्या दिवशी खिशात मधल्या रांगेचा गोटीएवढा बटाटा ठेवला होता. धुतलेला नाही, मातीसकट. कुलगुरूंनी पदवी हातात दिली, टाळ्या झाल्या. ती खाली उतरून बाबांपाशी आली तर खिशापाशी कापडावर, घामाने भिजून, चिखलाचा डाग उमटलेला. तिने घाईघाईने हाताने झाकला.

बाबांनी तिचा हात बाजूला केला. वाकून डाग पाहिला, बोटाने चोळून पाहिला, जसा गिऱ्हाइकाचा बघायचे तसा.

"निघेल का हो?" तिने विचारलं.

बाबांच्या तोंडात त्या दिवशी एकही टाचणी नव्हती.

"काढायचाय कुणाला?" ते म्हणाले.